डाळज संख्या

इंदापूर तालुक्यात गावांना नावं ठेवायचं काम ज्या कुणा कारकुनाकडं असेल, त्यानं सुरुवात मोठ्या हौसेनं केली असणार. पळसदेव, कळाशी, भादलवाडी, कुंभारगाव. एकेक नाव कसं ठसठशीत आहे. तक्रारवाडी लिहिताना त्याच्या टेबलापुढं बरीच माणसं एकदम बोलत असावीत. मग डाळजची पाळी आली आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली. गावं तीन होती, नाव एकच शिल्लक होतं. त्यानं डाळज नंबर १, डाळज नंबर २, डाळज नंबर ३ असं लिहिलं आणि डबा उघडला. जेवून आल्यावरही सुस्ती उतरली नव्हती, हे गलांडवाडी नंबर १ आणि गलांडवाडी नंबर २ वरून कळतं.

महाराष्ट्रात इतरत्र गावाचं नाव सांगितलं की विषय संपतो. इथं तिथून सुरू होतो.

“गाव कुठलं, पाव्हणं?”

“डाळज.”

“कितवं?”

‘कितवं’ हा प्रश्न एरवी मुलाच्या इयत्तेबद्दल किंवा रुग्णाच्या बाटलीबद्दल विचारतात. गावाबद्दल विचारला जाणारा मी इथंच ऐकला. यातून सोयरीक जमवणाऱ्यांची फार पंचाईत होते. “मुलगा दोन नंबरचा आहे” असं बोलून गेलं की मुलीचे मामा खुर्चीवरून निम्मे उठतात. मग मध्यस्थाला घाईघाईनं सांगावं लागतं, “तसं नव्हं मामा, गाव दोन नंबरचं. मुलगा एक नंबर हाय.” एवढ्यात कुणी तरी आतून विचारतं, “म्हणजे डाळज एकचा का?” आणि चहा निवून जातो.

समोरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्गही पूर्वी ९ नंबरचा होता, आता ६५ नंबरचा आहे. त्याला बढती मिळाली की त्याला खाली ढकललं, याचा निकाल टपरीवर अजून लागलेला नाही.

अशा ठिकाणी राहिलेला माणूस आकड्याला बिचकत नाही. त्यातून डाळज पडलं उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. मुंबईचा माणूस लाख-कोटीत बोलून स्वतःला मोठा समजतो. आमच्याकडं शेळ्या राखणारा माणूससुद्धा टीएमसीत बोलतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, एकावर नऊ शून्यं. “औंदा दोन टीएमसी कमीच हाय,” असं म्हणताना तो हात असा हलवतो की दोन अब्ज घनफूट पाणी त्याच्या खिशातूनच सांडलं असावं.

उजनीचं गणित ज्याला समजलं त्याला पुढं कुठलंच गणित अवघड जात नाही. धरणात एकूण पाणी मावतं ११७.२३ टीएमसी. त्यातलं ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी काढायची ती फक्त उपयुक्त साठ्याची. म्हणजे उजनी शून्य टक्क्यांवर येते तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी धरणातच असतं. तिथून पुढं पाणी उतरू लागलं की उजनी उण्यात जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती आणि तरी तिच्यात मासे होते, मासेमारी होती, भिगवणचा मासळी बाजार होता. उलट पावसाळ्यात पाणी आणखी वर धरलं की उजनी १११ टक्के भरते आणि साठा होतो सुमारे १२३ टीएमसी. जगाची टक्केवारी शून्यापासून शंभरापर्यंत. आमची उणे पन्नासच्या खालून निघते आणि १११ ला थांबते, तीसुद्धा पंढरपूरचे लोक ओरडायला लागतात म्हणून.

ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये ऋणसंख्यांचे नियम सांगितले तेव्हा त्याला धन आणि कर्ज यांचा आधार घ्यावा लागला. पुढं युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना शून्यापेक्षा कमी काही असू शकतं हेच शेकडो वर्षं पचत नव्हतं. त्यांना मे महिन्यात पळसदेवला आणायला हवं होतं. पाणी उण्यात गेलं की फुगवट्यात बुडालेलं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. ऋणसंख्येचं इतकं देखणं दर्शन गणिताच्या कुठल्या पुस्तकात नाही.

पण एक खोट आहे. आमचं आकड्याशी नातं फक्त ‘किती?’ एवढंच. पाणी किती, उसाचं टनेज किती, उतारा किती, पहिली उचल किती. मोठा आकडा असेल तर छाती फुगवायची, छोटा असेल तर मोर्चा काढायचा. आकड्याला स्वतःचा स्वभाव असतो, आवडीनिवडी असतात, वाईट खोडी असतात, हे कुणी विचारातच घेत नाही. सोयरिकीत आपण मुलाचा पगार विचारल्यावर निदान “स्वभावानं कसा आहे?” एवढं तरी विचारतो.

आकड्यांचा स्वभाव विचारत आयुष्यभर हिंडलेला एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण ठाण्यात आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढं नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर म्हणून ते १९३० पासून १९६२ पर्यंत नोकरीत होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. स्वतःच्या पैशानं परिषदांना जायचं आणि स्वतःच छोट्या पुस्तिका छापून वाटायच्या. दारुड्याला जसा पेला खाली ठेववत नाही तसं आपल्याला आकडे सोडवत नाहीत, अशा अर्थाचं ते स्वतःच म्हणत. आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हे पोरखेळ वाटले. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि आपल्या लोकांच्या लक्षात आलं की अरे, हे तर आपलेच. हे असंच चालतं. माणूस परदेशातून फिरून आला की त्याचं आडनाव आपल्याला नीट उच्चारता येऊ लागतं.

कापरेकरांनी आकड्यांच्या जाती लावल्या. त्यातली एक हर्षद संख्या. हे नाव ऐकल्यावर मराठी माणसाला आधी १९९२ चा शेअरबाजार आठवतो; पण कापरेकरांचा हर्षद सज्जन आहे. कसोटी सोपी. आकड्यातले अंक मिळवा, त्या बेरजेनं मूळ आकड्याला भागा, बाकी उरली नाही तर आकडा हर्षद, म्हणजे आनंद देणारा. मी ही कसोटी आमच्या भागातल्या आकड्यांना लावून पाहिली आणि चकित झालो. ११७ टीएमसी घ्या. एक, एक, सात मिळून नऊ. नवानं भागा, बरोबर तेरा. धरण भरलं, आनंद झाला. १११ टक्के घ्या. बेरीज तीन, भागाकार ३७. पुन्हा आनंद. आता तुडुंब झालेले १२३ टीएमसी घ्या. बेरीज सहा, आणि सहानं १२३ ला भाग जात नाही. म्हणजे पाणी इतकं झालं की दारं उचलावी लागतात, चंद्रभागेला पूर येतो आणि वाळवंटातल्या दुकानदारांना रात्रीत सामान हलवावं लागतं. गणिताला पंढरपूरची काळजी आहे, हे मला तरी नवीन होतं.

मग उसाकडं वळलो. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३४० रुपये दर ठरवला. अंकांची बेरीज सात. सातानं ३४० ला भागलं तर बाकी चार. पुढच्या हंगामाला ३५५ केला. बेरीज तेरा, तेरानं भागलं तर बाकी पुन्हा चार. दर वाढला तरी आनंद नाही आणि बाकी तेवढीच. हे वाचून आमच्याकडचा कुठलाही शेतकरी म्हणेल की यात नवीन काय सांगितलं.

कापरेकरांचा सगळ्यात गाजलेला आकडा ६१७४. सगळे अंक एकसारखे नसतील असा कुठलाही चार अंकी आकडा घ्या. त्याचे अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा, मोठ्यातून छोटा वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तीच वागणूक द्या. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता आणि तिथून हलत नाही. ही करमणूक महामार्गावर फार छान होते, कारण चार अंकी आकडे समोरून सारखे येत असतात आणि ज्यांच्या त्यांच्या मालकांना त्यांचा अभिमान असतो. एमएच ४२ ची एक गाडी येते, नंबर ४१४१. पाटीवर तो असा लिहिलेला की ‘दादा’ वाचावा. मागून ८०५५ येते. ती इंग्रजी शिकलेली, तिला ‘बॉस’ वाचायचं. दोन्ही गाड्यांतल्या माणसांनी काळे चष्मे लावलेले असतात आणि दोघांनाही ओव्हरटेक करायचा असतो.

दादाचं बघा : ४४११ वजा ११४४, ३२६७. पुढं ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या फेरीला ६१७४. बॉसचं बघा : ८५५० वजा ०५५८, ७९९२. पुढं ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सहाव्याच फेरीला ६१७४. दोघंही एकाच नाक्यावर, एकाच वेळी. सरडेवाडीच्या टोलनाक्यावर निदान रांगेत पुढं-मागं तरी असतात.

यात अपवाद एकसारख्या अंकांचे; त्यातला मानाचा : ११११. हा नंबर मिळावा म्हणून लोक पसंती क्रमांकाचे भरभक्कम पैसे मोजतात. त्याचे अंक उतरते लावा, चढते लावा, ११११ वजा ११११, शून्य. पहिल्याच फेरीत. ज्याच्यासाठी एवढे पैसे गेले त्याचं हे असं. आरटीओच्या भिंतीवर ही वजाबाकी रंगवून ठेवायला हरकत नाही, पण महसुलाचा प्रश्न आहे.

तरी एकाची बाजू इथं संपत नाही, आणि डाळजचा खरा दावा इथूनच सुरू होतो.

कापरेकर एकदा जीआयपी रेल्वेच्या डेम्लो स्टेशनावर होते. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. तिथं त्यांना संख्यांची एक तऱ्हा सुचली आणि त्यांनी त्या संख्यांना स्टेशनाचं नाव देऊन टाकलं : डेम्लो संख्या. आज डोंबिवली स्टेशनावर माणसाला गाडीत चढायला कुठला डबा पकडावा एवढं सुचलं तरी पुष्कळ. पण तेव्हा गर्दी कमी होती आणि गणिताला उभं राहायला जागा होती. या डेम्लो संख्यांमधल्या सगळ्यात देखण्या म्हणजे १, १२१, १२३२१, १२३४३२१. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा वर्ग १२३२१. चार एकांचा वर्ग १२३४३२१. नुसते एक घेऊन त्यांना त्यांनीच गुणलं की पायऱ्या चढून उतरणारा आकडा तयार होतो.

आता समजा, डाळजचा पोस्टमन सायकलवर निघाला. डाळज एक, डाळज दोन, डाळज तीन केलं. परत फिरला, पुन्हा दोन, पुन्हा एक. त्याच्या वहीत काय उमटलं? १, २, ३, २, १. बारा हजार तीनशे एकवीस. १११ चा वर्ग. आणि १११ म्हणजे शेजारच्या धरणाची भरलेली टक्केवारी! हे सगळं इथं, भिगवण आणि पळसदेवच्या मधे, उघड्यावर पडलेलं असताना नाव कुणाचं? डोंबिवलीचं. का, तर कापरेकर तिथं गाडीची वाट बघत होते. ते भिगवण स्टेशनावर उतरून थोडं अलीकडं-पलीकडं फिरले असते तर आज जगभरचे गणिती ‘डाळज संख्या’ म्हणत असते. माझं म्हणणं, तिन्ही गावांच्या ग्रामसभांनी मिळून ठराव करावा. सूचक मी आहे. अनुमोदकाची जागा मोकळी आहे.

विरोध होईल तो डाळज नंबर २ मधून, आणि त्याचं कारणही कापरेकरांनीच करून ठेवलंय. त्यांची आणखी एक जात आहे, स्वयंभू संख्या. यांना त्यांनी स्वतःच्या गावावरून देवळाली संख्या असंही म्हटलं. एखाद्या आकड्यात त्याचेच अंक मिळवले की नवा आकडा जन्मतो. २१ मध्ये दोन आणि एक मिळवा, २४ येतो. २१ हा २४ चा जनक. ज्याला असा जनकच सापडत नाही तो स्वयंभू. १ स्वयंभू आहे. ३ स्वयंभू आहे. २ मात्र नाही, कारण १ मध्ये १ मिळवला की २ येतो. म्हणजे गणिताच्या दप्तरी डाळज दोन ही डाळज एकची संतती ठरते आणि तीनला कुणाचा आगापिछा नाही. हे मी टपरीवर मोठ्यानं बोलत नाही. निवडणुका जवळ असतात.

पण ठराव करायचाच तर छोट्या आकड्यासाठी कशाला? नऊ एक घ्या. ११,११,११,१११. त्याचा वर्ग :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी. या सोंडेपासून त्या सोंडेपर्यंत एकसारखा, मधे नवाचं शिखर. तो असा का येतो हे समजायला इंजिनिअर लागत नाही, चौथीची उभी मांडणी पुरते. नऊ एकांना एकानं गुणून ओळ लिहायची, खाली तीच ओळ एक घर डावीकडं सरकवून, तिच्याखाली आणखी एक घर. नऊ ओळी झाल्या की रकान्यांची बेरीज घ्यायची. उजव्या टोकाला एकच एक आहे, पुढच्या रकान्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ, मग उतार. सगळं जमतं ते एका गोष्टीमुळं. कुठंच बेरीज दहा होत नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही.

हा आकडा वाचायचा कसा हे वेगळं दुखणं. आजच्या पद्धतीनं : बारा पद्म, चौतीस नील, छप्पन्न खर्व, अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. अठ्ठ्याहत्तर आणि अठ्ठ्याण्णव एकामागून एक आले की बोलणारा आणि ऐकणारा दोघंही थांबून एकमेकांकडं बघतात. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायचाही मार्ग सुचवला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी संस्कृती बुडाली म्हणून टाहो फोडणाऱ्यांपैकी किती जणांना एकोणनव्वद आणि एकोणऐंशी न अडखळता सांगता आले असते, याची चाचणी कुणी घेतली नाही, हे मराठी संस्कृतीच्या दृष्टीनं बरंच झालं.

त्यापेक्षा भास्कराचार्यांची पद्धत मला जास्त आवडते. ‘लीलावती’त त्यांनी प्रत्येक घराला स्वतंत्र नाव दिलंय, एकापासून परार्धापर्यंत अठरा घरं. त्या हिशेबानं आपला आकडा असा : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. अडखळायला जागाच नाही. लग्नात नाव घेतल्यासारखं म्हणता येतं. फक्त एक सांभाळायचं : लीलावतीतला खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, आणि आजचा खर्व म्हणजे एकावर अकरा. व्यवहार खर्वात करणार असाल तर आधी कागद करून घ्या. चाळीसगावजवळ पाटणला जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. तो १२०७ सालचा. गणिताच्या क्लासची पाटी महाराष्ट्रात इतकी जुनी आहे आणि ती दगडात आहे, म्हणून टिकली.

आकडा केवढा आहे याचाही अंदाज घेऊ, कारण ‘किती?’ विचारल्याशिवाय आमच्या लोकांना चैन पडायचं नाही. इतके लिटर पाणी साठवायचं तर सुमारे तीन हजार सातशे उजनी लागतील. पुनर्वसनाची कल्पनाच करू नका. सेकंदाला एक या वेगानं मोजायला बसलं तर साधारण एकोणचाळीस कोटी वर्षं लागतील. डाळजच्या विहिरीत सुरुंग लावल्यावर जो काळा पाषाण निघतो, तो दख्खनच्या लाव्ह्याचा, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे आज मोजणी संपवायची तर हा दगड वितळलेल्या रूपात जमिनीवर यायच्या बत्तीस कोटी वर्षं आधी “एक” म्हणून सुरुवात करायला हवी होती. आणि मधे कुणी “काय चाललंय?” म्हणून विचारलं की पुन्हा पहिल्यापासून.

पण या आकड्याचा खरा स्वभाव कळतो तो वाटणीच्या वेळी, माणसाचा कळतो तसाच. समजा ही इस्टेट आहे, इतके रुपये, आणि भाऊ दोन. भागा : बाकी एक. भाऊ चार असले तर? बाकी एक. पाच? एक. सात? एक. आठ, दहा किंवा अकरा असले तरी समान वाटून बाकी एकच रुपया उरतो. बारा पद्मांची इस्टेट सुरळीत वाटली गेली आणि या एका रुपयावरून घराण्याची बोलाचाली बंद झाली, असं चित्र मला स्पष्ट दिसतं. तो रुपया म्हणजे बांधावरचा आंबा. कुणालाच नको असतो, पण दुसऱ्याला मिळू द्यायचा नसतो. इंदापूरच्या कोर्टात तीन पिढ्या तारखा पडतील, आणि वकिलांची फी त्या रुपयातून भागणार नाही एवढं नक्की.

मात्र भाऊ तीन असले तर पै न् पै चोख. नऊ असले तरी चोख. (सहा असले तर तीन रुपये उरतात, म्हणजे सहांपैकी तिघं गप्प बसतील, जे एरवीही घडत नाही.) सगळे मिळून पंचेचाळीस संख्यांनी याला निःशेष भाग जातो. मुळाशी बघितलं तर तीनच मूळ संख्या सापडतात : ३, ३७ आणि ३,३३,६६७. तीन चारदा आणि बाकीच्या दोन दोनदा गुणल्या की हा डोंगर उभा राहतो. तीन डाळज, तीन मूळ संख्या! आणि ४५ या आकड्यावरही कापरेकरांचा शिक्का आहे : ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस अधिक पंचवीस पुन्हा पंचेचाळीस. असं वागणाऱ्या आकड्यांना जग कापरेकर संख्या म्हणतं.

हर्षद आहे का? आधी जुन्या मुनिमासारखा नवाचा ताळा बघू. अंकांची बेरीज : एकापासून आठापर्यंत छत्तीस, दोनदा म्हणजे बाहत्तर, मधले नऊ, एक्क्याऐंशी. नवाच्या घरातच बसलं. आणि एक्क्याऐंशीनं अख्ख्या आकड्याला भागलं तर येतात १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आनंदी आनंद. ज्या एकांची वजाबाकी केल्यावर शून्य येत होतं, तेच हे एक.

तेव्हा शासनाकडं मागणी अशी की डाळजचं विभाजन तीनवर न थांबवता नऊपर्यंत न्यावं. सहा नव्या ग्रामपंचायती होतील, सहा सरपंच, सहा उपसरपंच, फलकांना काम मिळेल, आणि पोस्टमनच्या फेरीतून अख्खा सतरा अंकी आकडा उमटेल. आमची कुणाचीच हरकत नाही.

दहावं डाळज मात्र होऊ देऊ नये. मागणी येणार, ती येतेच. नऊ नंबरमधल्या एखाद्या वस्तीला आपली स्वतंत्र ग्रामपंचायत हवीशी वाटणार. पण दहा एकांचा वर्ग केला की मधल्या रकान्यात बेरीज दहा होते, हातचा एक निघतो आणि तो शेजारच्यांच्या घरात शिरतो. मग उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. नीट बघा काय झालंय ते. सातनंतर एकदम नऊ. मधे दोन शून्यं, म्हणजे दोन ठिकाणी काहीच नाही; उजनीच्या काठावर राहणाऱ्यांना गाव असं नाहीसं झालेलं पाहण्याची सवय आहे, पण निदान तेव्हा नोटीस आली होती. आणि आठ नंबर? ते जाताना लागतच नाही, फक्त येताना लागतं. आठ नंबरच्या माणसानं मग सातवरून गाडी थेट नऊला जाऊ द्यावी, दोन शून्यं ओलांडावीत, पलीकडच्या नऊला उतरावं आणि परतीच्या एसटीनं आपल्या गावी यावं. बाईमाणूस असेल तर तिकीट अर्धं. आणि पंच्याहत्तरी उलटलेली असेल तर हा सगळा फेरा फुकट.